स्मारकाचे विधान : नाईक यशवंत घाडगे

धारातीर्थी पडलेल्या योद्ध्याचा गौरव करणारी प्रत्येक वस्तू, मग ती शिळा असो, पुतळा असो वा राजपत्रातील मजकूर असो, एक विधान करीत असते. त्या विधानाचे तीन घटक मानता येतील : कोणी, काय केले आणि कोठे केले. हे तिन्ही घटक एकाच स्मारकात क्वचितच सामावतात. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्या उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल.

प्रथम घटना पाहू. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका लहान तुकडीचे नेतृत्व करीत होते. अगदी जवळून सुरू झालेल्या मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील इतर सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा सैनिक निकामी केला आणि दुसऱ्याला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरण्यास अवधी नव्हता. तेव्हा ती नळीकडून धरून तिच्या प्रहारांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा वेध घेतला. त्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

येथील ‘नाईक’ हे आडनाव नसून लष्करी पद आहे. संस्कृत ‘नायक’ शब्दातील ‘पुढे नेणारा’ हा मूळ अर्थ या प्रसंगी अक्षरशः खरा ठरला.

आता स्मारकांकडे वळू. महाराष्ट्रातील वीरगळांवर युद्धप्रसंग कोरलेला असतो, वीराचे स्वर्गारोहण असते; नाव मात्र बहुधा नसते. तेथे कृत्य आहे, कर्ता नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकाची रचना नेमकी उलट आहे. ज्यांची कबर ज्ञात नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत व त्यांत घाडगे यांचेही आहे. परंतु कोणी काय केले, हे ती नामावली सांगत नाही. माणगावच्या तहसील कचेरीच्या आवारातील पुतळा वीराला त्याच्या मातीशी जोडतो. २०२३ साली टायबर खोऱ्यातील मोंतोने येथे त्यांच्या नावे उभारलेले सूर्यघड्याळ मृत्यूच्या भूमीशी नाते सांगते. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, या आशयाचे वचन त्यावर आहे. कृत्याचा तपशील मुख्यतः पदकाच्या प्रशस्तिपत्रात राहिला, आणि ते इंग्रजीत आहे.

यावरून असे दिसते की, स्मारके परस्परांची पुनरुक्ती करीत नाहीत. ती परस्परांची वाक्ये पूर्ण करतात. मात्र एक जागा अद्याप रिकामीच आहे. प्रशस्तिपत्रात घाडगे यांचे साथीदार ‘तुकडीतील इतर’ एवढ्याच उल्लेखाने येतात. एका व्यक्तीचा गौरव करणाऱ्या लेखनप्रकाराची ती मर्यादाच होय. परंतु कर्त्याच्या एकाकीपणामुळेच ते कृत्य असामान्य ठरले आणि तो एकाकीपणा त्या अनामिकांच्या पडण्यातून आला. म्हणून माणगावच्या वीराची कथा मराठीत लिहिताना ‘इतर’ या शब्दापाशी लेखकाने क्षणभर थांबले पाहिजे.