फळमाशीच्या डोळ्यात मेंदूविकाराचा शोध

मशाडो-जोसेफ या आनुवंशिक विकारात चेतापेशी नष्ट होऊन रुग्णाचा तोल हळूहळू जातो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नॅन्सी बोनिनी यांच्या चमूने १९९८ मध्ये या विकाराच्या सदोष मानवी जनुकाचा अंश ड्रोसोफिला माशीच्या डोळ्यात कार्यरत केला. (पिकल्या केळ्यांवरील ही इवलीशी माशी, आंब्याला कीड लावणारी फळमाशी वेगळी.) सुमारे ८०० नेत्रिकांची तिच्या डोळ्याची रेखीव जाळी पेशी मरू लागताच विस्कटते, त्यामुळे ऱ्हास बाहेरूनही दिसतो.

प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या एचएसपी-७० या प्रथिनाची जोड देताच हा ऱ्हास रोखला गेल्याचे १९९९ मध्ये आढळले. विशेष म्हणजे पेशींतील सदोष प्रथिनांच्या गुठळ्या कायम होत्या. साहजिकच, केवळ गुठळ्यांमुळेच पेशी मरतात, हे गृहीतक डळमळीत झाले. हा विकार बरा करणारे औषध मात्र अद्याप उपलब्ध नाही.