डाएट फराळ, उपवास आणि वजन



आषाढी एकादशीस आपल्या मंदिरात दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांना साबुदाण्याच्या खिचडीचा प्रसाद देण्याची प्रथा आहे. या प्रसादाबाबत एका देणगीदार भाविकांनी विश्वस्त मंडळापुढे प्रस्ताव ठेवला आहे. खिचडीऐवजी बाजारात मिळणाऱ्या 'डाएट फराळा'च्या पुड्या वाटाव्यात, संपूर्ण खर्च ते स्वतः करतील, असे त्यांचे म्हणणे आहे. भाविकांच्या प्रकृतीची काळजी हाच त्यामागील हेतू असून त्याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे. तथापि सभासदांत या विषयावर दोन मते पडली. डाएटचे म्हणून विकले जाणारे पदार्थ खाऊन वजन खरोखर कमी होते काय, हा मूळ प्रश्न बाजूला राहू नये म्हणून त्याविषयीची माहिती येथे सविस्तर देत आहोत.

काळजी निराधार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांनी प्रत्येक घराने खाद्यतेल दहा टक्क्यांनी कमी वापरावे, असे आवाहन केले होते. आपण तर अशा शहरात राहतो, ज्याविषयी 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण गुजराती भाषेत रूढ आहे. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, येथे तुपात बुडवून गोठवलेली घारी खाल्ली नाही असे घर शोधावे लागेल. खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आलेल्या आपल्या मंडळींनी कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत सोडले नाही, आणि लोचो व घारीही आपलीशी केली. दोन्ही ताटे एकत्र आली, श्रम मात्र अनेकांचे घटले.

प्रथम आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहू. 'एकादशी दुप्पट खाशी' असे आपल्याकडे विनोदाने म्हणतात. हिशेब केला तर त्यात विनोद फारसा उरत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून सुमारे ३५० उष्मांक, म्हणजे कॅलरी, मिळतात; प्रथिने एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत आणि चोथा नाममात्र असतो. एका माणसाच्या खिचडीला साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, चमचाभर तूप आणि अर्धा बटाटा धरला, तर बेरीज साडेपाचशे उष्मांकांच्या आसपास जाते. तीन फुलके, बेताच्या तेलातील भाजी आणि वाटीभर वरण यांचे साधे जेवण सुमारे साडेचारशेत होते आणि त्यात प्रथिने कितीतरी अधिक असतात. खिचडीनंतर दुपारी बटाट्याचा चिवडा, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि रात्री पुन्हा भगर व दाण्याची आमटी घेतली, की उपवासाच्या दिवशी पोटात गेलेले अन्न एरवीच्या दिवसापेक्षा जास्त भरते.

हे पदार्थ प्राचीन परंपरेने चालत आले आहेत, असा समज आहे. तोही थोडा तपासण्याजोगा आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा काढतात तो टॅपिओका ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांचा समुद्रमार्गे व्यापार सुरू झाल्यानंतरच ती आपल्या देशात आली व रुळली. राजगिऱ्याच्या दाण्याचे मूळही तिकडेच सांगितले जाते. आज आपल्या बाजारातील साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतील सेलम परिसरातून येतो. म्हणजे संत ज्ञानेश्वरांच्या काळातील वारकऱ्याने साबुदाण्याची खिचडी खाल्ली असणे संभवतच नाही. भगर, शिंगाडा, सुरण, फळे, दूध आणि ताक हे पदार्थ त्या मानाने जुने. उपवास या शब्दाचा अर्थ भगवंताच्या जवळ वास करणे असा आपण कीर्तनात ऐकतो. त्या अर्थाचा खिचडीशी काही संबंध जोडता येत नाही. हे खिचडीच्या निंदेसाठी लिहिलेले नाही. ती प्रस्तुत लेखकालाही प्रिय आहे.

आता पुड्यांविषयी. आपल्या शहरात कोणत्याही किराणा दुकानात डाएट खाखरा, डाएट चिवडा, फराळी डाएट मिक्श्चर, डायजेस्टिव्ह बिस्किटे आणि शुगर फ्री मिठाई मांडलेली दिसते. खाखऱ्याचेच उदाहरण घ्यावे. ज्या कणकेच्या गोळ्याचा फुलका होतो, त्याच गोळ्याचा खाखराही होतो. भाजताना त्यातील पाणी उडून जाते. पाणी गेले म्हणजे खाखरा हलका व कुरकुरीत झाला. त्यातील कणीक मात्र आहे तेवढीच राहिली, वर तेलाचे बोट लागले ते वेगळे. हातात हलका वाटणारा पदार्थ पोटातही हलकाच असेल, असे मन धरून चालते. दोन फुलके खाऊन थांबणारा मनुष्य चहाबरोबर चार खाखरे सहज संपवतो, आणि त्यानंतर जेवायलाही बसतो.

चिवड्याची गोष्ट याहून स्पष्ट आहे. 'तळलेला नाही, भाजलेला आहे' असे पुडीवर ठळक छापलेले असते आणि ते खरेही असते. परंतु फोडणीचे तेल, शेंगदाणे, काजू आणि खोबऱ्याचे काप त्यात असतातच. फराळी चिवड्यात तर बटाट्याची तळलेली सळी हाच मुख्य घटक असून शंभर ग्रॅमला पाचशेहून अधिक उष्मांक भरतात. डायजेस्टिव्ह म्हणून मिळणारी बिस्किटे बहुधा शंभर ग्रॅमला साडेचारशे ते पाचशे उष्मांकांची असतात. साधी बिस्किटेही तेवढ्याचीच. शुगर फ्री मिठाईत साखर नसली तरी मावा, तूप, काजू आणि बहुतेक वेळा खजूर किंवा अंजीर असते. खजुराची गोडी हीसुद्धा साखरच.

याबाबत कायदा ग्राहकाच्या मदतीला येतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार, घन पदार्थ 'लो फॅट' म्हणवून घ्यायचा असेल तर शंभर ग्रॅममध्ये स्निग्धांश तीन ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. कमी उष्मांकांचा म्हणवायचा असेल तर शंभर ग्रॅमला चाळीस उष्मांक ही मर्यादा आहे, आणि 'शुगर फ्री'साठी साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत हवी. चाळीस उष्मांक म्हणजे साधारण काकडी, टोमॅटो, दुधी यांच्या पंक्तीचा पदार्थ. कोणताही चिवडा, खाखरा वा बिस्किट तेथवर पोहोचू शकत नाही. पुडी विकत घेताना पुढच्या बाजूवरील कंबर बारीक झालेल्या स्त्रीचे चित्र न पाहता मागील बाजूचा तक्ता वाचावा, आणि त्यातही आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका 'सर्व्हिंग'चा, हे पाहावे. सर्व्हिंग अनेकदा इतके लहान धरलेले असते, की तेवढे खाऊन थांबणारा माणूस विरळाच.

साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड द्रव्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये स्पष्ट शिफारस केली: वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्यांचा वापर करू नये. थोड्या काळासाठी वजनात किंचित घट दिसते, पण दीर्घकाळात लाभ आढळत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांच्यासाठी ही शिफारस नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

मग वजन कमी होते तरी कशाने? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहाशे नऊ व्यक्तींवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि दुसऱ्याचे ६ किलोने घटले. हा फरक शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा ठरला नाही. दोन्ही गटांना एक सूचना मात्र सारखीच होती: भाज्या भरपूर खा, साखर व मैदा टाळा, शक्य तेवढे घरी शिजवलेले खा. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न, हवे तेवढे खाण्याची मुभा देऊन दिले गेले. मांडलेल्या अन्नातील साखर, स्निग्धांश व उष्मांक दोन्हीकडे सारखे ठेवले होते. तरीही कारखान्यातील अन्नाच्या काळात माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खात होती आणि त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. मऊ, कुरकुरीत, चटकन गिळता येणारे अन्न पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच संपते, असे त्याचे एक कारण मानले जाते.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घरोघरी रंगलेला वाद अनेकांना आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारून सांगत, की कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडे थोडे, अनेकदा आणि आपल्या मातीतले खावे, तुपाला भिऊ नये, असे सांगत. हळदीकुंकवाला जमलेल्या भगिनींतही त्या काळी दोन पक्ष पडत. वेळेबाबत दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध. पण दोघांपैकी कोणाच्याही मार्गात डाएटच्या पुडीला जागा नाही. एकाच्या मते दोन जेवणांच्या मध्ये ती खायचीच नाही, दुसरीच्या मते तिच्याऐवजी घरचे खायचे. वाद घालणाऱ्यांचे लक्ष या गोष्टीकडे क्वचितच गेले.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात मधुमेहींना तीन ते पाच महिने सर्व जेवणाऐवजी केवळ मोजून दिलेली पेये व सूप, दिवसाला सुमारे साडेआठशे उष्मांकांची, दिली गेली. वर्षाअखेर त्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. म्हणजे तयार पदार्थांनी वजन उतरू शकते. मात्र तेथे तो पदार्थ जेवणाच्या जागी होता, वैद्यकीय देखरेखीखाली होता आणि मधुमेहाच्या गोळ्या प्रारंभीच थांबवल्या होत्या. आपल्याकडे डाएट चिवडा जेवणाच्या जागी येत नाही, जेवणाच्या जोडीला येतो.

या सर्वांवरून प्रस्तावाबद्दल प्रस्तुत लेखकाचे वैयक्तिक मत असे, की पुड्या वाटू नयेत. मंदिरातून मिळाले म्हणजे निर्धोक, अशी भाविकांची श्रद्धा असते. त्या श्रद्धेवर एखाद्या पुडीवरील दावा स्वार होऊ देणे योग्य नाही. दुसरे असे, की आपल्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण वजन घटवण्याच्या स्थितीत नसतो. लिंबायत-उधन्यातील लूमवर बारा तास उभा राहून आलेला कामगार आणि कापड मार्केटमध्ये दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी यांची गरज एक नाही. पहिल्याला त्या दिवशी खिचडीची भरलेली पत्रावळच हवी. दुसऱ्याला अर्धी पुरते. त्यामुळे खिचडी बंद न करता द्रोण लहान ठेवावा, मागेल त्याला पुन्हा वाढावे, दाण्याचे कूट व तूप बेताचे घालावे आणि देणगीदारांच्या रकमेतून सोबत ताक, केळी, काकडी आणि उकडलेले रताळे द्यावे, असे सुचवावेसे वाटते. भगरीचाही विचार व्हावा; ती साबुदाण्याहून जुनी, आणि प्रथिनांत सरस.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या भाविकांस विशेष विनंती. उपाशी राहून नेहमीची मात्रा घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि एकदम भरपूर खिचडी खाल्ल्यास ती तितक्याच वेगाने चढू शकते. एकादशीच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गर्भवती भगिनींनीही तसेच करावे. दर्शनाच्या रांगेत घाम सुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे काही जाणवल्यास संकोच न करता जवळच्या स्वयंसेवकास सांगावे. त्यांच्याजवळ साखर व पाणी ठेवण्याची व्यवस्था केली जाईल.

सदर प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत निर्णयासाठी ठेवला जाईल. सभासदांनी आपले लेखी मत त्यापूर्वी मंदिर कार्यालयात द्यावे. प्रसादाच्या स्वयंपाकात सेवा करू इच्छिणाऱ्या भगिनींनीही आपली नावे तेथेच नोंदवावीत.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ
सुरत