जसा वार, तसे ताट

आहाराविषयी बोलताना आपण डॉक्टर मंडळी बहुधा उष्मांक, प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांचा हिशेब मांडतो. ताटात काय वाढायचे हे ठरवणार कोण, या प्रश्नाकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. गेली कित्येक वर्षे सोमवार ते शुक्रवार दुपारचे जेवण मी काचीगुडा परिसरातील एका छोट्या भोजनालयात घेत आलो आहे. या प्रश्नाचे महत्त्व मला बालरोगशास्त्राच्या ग्रंथांनी जेवढे शिकवले, जवळजवळ तेवढेच तेथील काळ्या फळ्यानेही शिकवले.

येथे छापील मेनूकार्ड नाही. दारातल्या फळ्यावर खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले असतात आणि ते वारानुसार बदलतात. सोमवारी गोंगुरा पप्पू आणि दोंडकाया वेपुडु; मंगळवारी भरल्या वांग्याची गुत्ती वंकाया आणि जोडीला मज्जिग पुलुसु, म्हणजे आपल्या कढीची तेलुगू बहीण. बुधवारी तोटकूरा, तूप घातलेले घट्ट मुद्द पप्पू आणि चिंचेचे न उकळलेले सार, पच्ची पुलुसु. गुरुवारी मुनक्काया घातलेले सांबार व बीरकाया पच्चडी. शुक्रवारी चुक्काकूरा पप्पू आणि पुळिहोरा. बाजारात एखादी भाजी मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी येते. पण सोमवारचे जेवण मंगळवारी मागण्याची सोय नाही. ‘आज काय आहे?’ एवढाच प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायचा.

नावे तेलुगू असली तरी या भाज्या आपल्याला परक्या नाहीत. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, तोटकूरा म्हणजे माठ, चुक्काकूरा म्हणजे आंबट चुका, दोंडकाया म्हणजे तोंडली, मुनक्काया म्हणजे शेवग्याची शेंग आणि बीरकाया म्हणजे दोडका. दोडक्याच्या शिरांची चटणी आपल्या आजीच्या हातची जशी असे, तशीच चव त्या पच्चडीत सापडते. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून अंबाडीची भाजी आणि भाकरी हळूहळू मागे पडली. घरातून गेलेली ही भाजी शेजाऱ्याच्या पानातून आपल्याला परत भेटते. ज्या मुलांना ‘अंबाडी’ हा शब्द ठाऊक नाही, त्यांना ‘गोंगुरा’ ठाऊक असतो, हेही नसे थोडके!

वारानुसार जेवण देण्यामागे आहारशास्त्राचा विचार असतो असे नाही. असतो तो साधा व्यवहार. सकाळी मंडईत जे ताजे व स्वस्त असेल ते आणायचे, मोजकेच पदार्थ पण भरपूर शिजवायचे आणि दुपार संपेपर्यंत भांडी रिकामी करायची. साठवण नाही, उरलेसुरले नाही, म्हणून दरही आवाक्यात. मुंबईत माटुंगा स्थानकाजवळ १९४२ साली सुरू झालेले रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग याच परंपरेतले. केळीच्या पानावरील तेथील भाज्या रोज बदलतात. नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणाऱ्यांचे पोषण अशा बोर्डिंगांनी आणि आपल्याकडच्या खानावळींनी केले. खानावळीला नावे ठेवण्याची आपली रीतच आहे. तरीही सात दिवसांत सात भाज्या खाऊ घालण्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

एकसुरी आहाराचे परिणाम काय होतात, हे हैदराबादकरांना तरी दूर जाऊन शिकायला नको. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली कुन्नूरला सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांच्या बेरीबेरीविषयक संशोधनातून उभी राहिली, १९५८ साली आपल्या शहरात आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. बेरीबेरी हा मुख्यतः सडलेल्या पांढऱ्या तांदळावरच जगणाऱ्यांचा रोग. दख्खनच्या पठारावर तसाच दुसरा रोग होता पेलाग्रा. आणि तो आढळे प्रामुख्याने ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये ज्वारीतील ल्युसीनच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. ज्वारी मात्र बिचारी निर्दोषच म्हणायची. तिच्यासोबत डाळ, भाजी, ताक असेल तर ती उत्तम अन्न आहे. घात केला तो ताटातल्या एकटेपणाने.

पेलाग्रा आज दुर्मीळ झाला आहे, परंतु ताटातले एकटेपण संपलेले नाही. त्याने घर तेवढे बदलले. आता ते सुखवस्तू कुटुंबांत भेटते. ‘डॉक्टर, हा दुधाशिवाय काही घेतच नाही,’ किंवा ‘हिला नूडल्सच लागतात,’ हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा बाह्यरुग्ण विभाग संपत नाही. दिवसाकाठी लिटरभर दूध पिणारे, गुबगुबीत दिसणारे आणि तरीही लोहाच्या कमतरतेने पांढुरके पडलेले मूल आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकाला दिवसभरात आठ अन्नगटांपैकी किमान पाच गटांतील अन्न मिळावे, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा निकष आहे. एक आवडता पदार्थ कितीही पौष्टिक असला तरी या निकषाला पुरा पडत नाही.

नवा पदार्थ पाहताच तोंड फिरवणे हा बालपणातील, विशेषतः दोन ते सहा या वयातील, स्वाभाविक टप्पा आहे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, बळजबरी न करता समोर आला की बहुतेक मुले त्याचा स्वीकार करतात. पालक दुसऱ्या-तिसऱ्या नकारालाच हार मानतात. वारानुसार चालणारा फळा हार मानत नाही. दर बुधवारी माठ येणारच! वर्षभरात तो बावन्न वेळा समोर येतो, आणि कोणीही ‘खाल्लेच पाहिजे’ म्हणत नाही.

येथे डॉ. क्लारा डेव्हिस यांच्या प्रसिद्ध प्रयोगाची आठवण होते. १९२८ साली त्यांनी अमेरिकेत नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बालकांना आपले अन्न आपणच निवडू देण्याच्या प्रयोगाचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे एकूण पंधरा मुलांवर तो झाला. समोर पदार्थ मांडायचे, परिचारिकेने आपणहून काहीही भरवायचे नाही, अशी शिस्त होती. मुले छान वाढली. यावरून ‘मुलाला कळते, त्याला हवे ते द्या’ असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला. परंतु यशाचे खरे मर्म पदार्थांच्या यादीत होते, हे स्वतः डॉ. डेव्हिस यांनीच १९३९ साली स्पष्ट केले. यादीत होती ती साधी, ताजी, प्रक्रिया न केलेली अन्ने. ती निवडली होती मोठ्यांनी. यादी मोठ्यांची आणि भूक मुलाची, अशी ही विभागणी होती.

आमच्या भोजनालयात नेमके हेच घडते. काय शिजेल हे स्वयंपाकी ठरवतो, किती खायचे हे मी ठरवतो. मोबाइलवरून जेवण मागवण्याच्या सोयीने ही विभागणी मोडली आहे. शेकडो पदार्थांतून काहीही मागवता येते, आणि म्हणूनच बहुतेक घरी पुन्हा पुन्हा तेच मागवले जाते. निवड वाढली, वैविध्य घटले! दुपारी एकच्या सुमारास आमच्या फळ्यासमोरची गर्दीही पूर्वीपेक्षा विरळ झाली आहे. अशी भोजनालये बंद पडली, तर या भाज्या आणि त्या रांधणारे हात एकदमच जातील.

सभासद बंधू-भगिनींना माझी विनंती साधी आहे. घराच्या स्वयंपाकघरात एक फळा लावावा. रविवारी मुलांना सोबत घेऊन पाच दिवसांच्या भाज्या त्यावर लिहाव्यात. प्रत्येक मुलाला एका वाराची भाजी निवडू द्यावी, मात्र यादी आपण करावी. आठवड्यात दोन वार पालेभाजीचे असावेत आणि जेवताना लिंबाची फोड असावी, म्हणजे भाजीतील लोह अधिक शोषले जाईल. ठरलेल्या वारी ठरलेली भाजी करावी, आणि मुलाने ती बाजूला सारली तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढावी. महिन्यातून एखादी दुपार घरच्या मंडळींसह अशा एखाद्या भोजनालयात घालवावी. सोमवारी गेलात तर अंबाडी मिळेल. तिला तेथे गोंगुरा म्हणतात, एवढेच.