परवाना तिकडचा, दार इकडचे

वस्तू घरपोच मागवण्याची सवय जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत आता शहराइतकीच रुळली असून, नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारपेठेत न मिळणारी वस्तू मोबाइलवर निवडावी आणि चार दिवसांत ती कुरिअरने दारात यावी, यात कोणालाही नवल वाटत नाही. त्याच मोबाइलवर परदेशी विक्रेत्यांनी मांडलेले गांजाच्या अर्काचे व्हेपोरायझर, म्हणजे अर्क तापवून त्याची वाफ ओढण्याचे यंत्रही दिसू शकते आणि त्याला ‘परवानाधारक’ व ‘घरपोच’ अशी दोन विशेषणे लावलेली असतात. यांतील दुसरे विशेषण वाहतुकीचे आहे, पहिले कायद्याचे. वस्तू सीमा ओलांडू शकते, पण तिच्यासोबत तिचा परवाना सीमा ओलांडत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. तो समजण्यासाठी यंत्र काय करते, परवाना कोठे आणि कसा दिला जातो आणि भारतीय कायदा त्याच वनस्पतीकडे कसा पाहतो, या तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात.

गांजा चिलमीत जळतो तेव्हा धुराबरोबर डांबरासारखे चिकट द्रव्य, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनातून निर्माण होणारी इतर विषारी द्रव्ये फुप्फुसात जातात. व्हेपोरायझरमध्ये ज्वलन टाळलेले असते. वाळलेले फूल किंवा त्याचा अर्क साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो आणि त्यातील सक्रिय द्रव्ये न जळता वाफेच्या रूपाने बाहेर येतात. या द्रव्यांपैकी दोन महत्त्वाची आहेत : नशा आणणारे टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, आणि नशा न आणणारे सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. जर्मनीतील टुटलिंगेन येथील स्टोर्झ अँड बिकेल या कंपनीच्या ‘व्होल्कॅनो’ यंत्राची एक आवृत्ती रुग्णांसाठीचे वैद्यकीय उपकरण म्हणून विकली जाते. मात्र सर्वसाधारण ग्राहकांत अधिक खपते ते पेनाच्या आकाराचे साधन, ज्याच्या टोकाला अर्काने भरलेली लहान कुपी म्हणजे कार्ट्रिज बसवलेली असते. पोटात घेतलेल्या भांगेचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, तर ओढलेल्या वाफेचा परिणाम काही मिनिटांतच सुरू होतो, आणि कुपीतील अर्कात टीएचसीचे प्रमाण फुलापेक्षा कितीतरी अधिक असू शकते. वेग आणि तीव्रता या दोन कारणांमुळे हे साधन औषध म्हणूनही नाजूक ठरते आणि व्यसनाच्या दृष्टीनेही.

अशा वस्तूची परवानाधारक घरपोच विक्री जेथे खरोखर चालते, त्या देशांत कॅनडाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथे २००१ पासून रुग्णांना वैद्यकीय कारणासाठी गांजा बाळगण्याची मुभा मिळाली. २०१३ मध्ये आलेल्या नियमांनी उत्पादनाचे काम परवानाधारक कंपन्यांकडे सोपवले आणि २०१४ पासून रुग्णाला त्याचा माल त्यांच्याकडून थेट घरी पाठवला जाऊ लागला, म्हणजे या व्यवस्थेत घरपोच पुरवठा दुकानांच्या आधी आला. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठीही विक्री कायदेशीर झाली, आणि वाफेच्या कुप्यांना त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १७ ऑक्टोबर २०१९ पासून, नियमांच्या चौकटीत जागा मिळाली. ऑन्टारियो प्रांतात ऑन्टारियो कॅनाबिस स्टोअर ही प्रांत सरकारची संस्था ऑनलाइन विक्री करते आणि पार्सल हाती देताना घेणाऱ्याचे वय १९ किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री केली जाते.

या व्यवस्थेत परवाना ही एक साखळी असते. पीक घेणाऱ्याला परवाना लागतो, अर्क काढणाऱ्याला लागतो, प्रत्येक खेपेची तपासणी होऊन तिचा क्रमांक वेष्टनावर छापला जातो, टीएचसी व सीबीडीचे प्रमाण लिहावे लागते, एका कुपीत एक ग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी ठेवता येत नाही, वेष्टन मुलांना सहज उघडता येणार नाही असे करावे लागते आणि त्यावर पानाचे चित्र व टीएचसी ही अक्षरे असलेली लाल अष्टकोनी खूण व आरोग्यविषयक इशारा छापणे सक्तीचे असते. कुपीत दोष आढळला तर तिचा माग शेतापर्यंत काढता येतो, हा या साखळीचा खरा उपयोग आहे.

ही साखळी तुटलेली असते तेव्हा काय होते, हे अमेरिकेत २०१९ मध्ये दिसले. त्या वर्षी तेथे वाफ ओढणाऱ्या, प्रामुख्याने तरुण, लोकांमध्ये फुप्फुसाचा तीव्र आजार एकाएकी वाढला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. रोगनियंत्रण केंद्राच्या तपासात ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट हे तेलकट द्रव्य मुख्य संशयित ठरले. महाग अर्कात भेसळ करून तो दाट दिसावा म्हणून ते मिसळले जात होते, आणि आजारी पडलेल्यांपैकी अनेकांनी टीएचसीच्या कुप्या मित्रांकडून किंवा अनधिकृत विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. पोटात गेले तर फारसे न बिघडवणारे द्रव्य फुप्फुसात गेल्यावर घातक ठरू शकते, हा धडा त्यातून मिळाला. परवानाधारक माल निर्धोक असतो असा अर्थ मात्र त्यातून काढता येत नाही, कारण मेंदूची वाढ पूर्ण होण्यापूर्वी टीएचसीचे नियमित सेवन, मनोविकाराचा वाढलेला धोका आणि अवलंबित्व हे प्रश्न शुद्ध मालाबाबतही उरतातच.

भारताकडे वळताना हे लक्षात घ्यावे लागते की या वनस्पतीचा परिचय येथे फार जुना आहे आणि तिच्या पहिल्या युरोपीय अभ्यासकांपैकी एकाचा संबंध याच परिसराच्या इतिहासाशी पोहोचतो. १४९० मध्ये मलिक अहमदाने जुन्नर येथे निजामशाहीची पायाभरणी केली; पुढे राजधानी अहमदनगरला गेली आणि तेथील बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची ये-जा होती. त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीविषयक संवादग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात. शार्ङ्गधर संहितेत भांग ही ‘व्यवायी’ द्रव्याचे, म्हणजे पचनाआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून दिली आहे. वेगाविषयीची ही जाणीव व्हेपोरायझरच्या काळातही तितकीच समर्पक आहे.

ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर हजाराहून अधिक साक्षी नोंदवून १८९४ मध्ये अहवाल दिला आणि सरसकट बंदीऐवजी परवाना व कर यांद्वारे नियंत्रण ठेवावे, अशी शिफारस केली. १९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारानंतर दिशा बदलली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस या नावाने ओळखला जाणारा अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला.

हा कायदा सबंध झाडाला एकच वस्तू मानत नाही, तो झाडाचे भाग पाडतो. फुलाफळांचा शेंडा म्हणजे गांजा, त्यातून निघणारी राळ म्हणजे चरस. शेंड्यासोबत नसलेली पाने आणि बी या व्याख्येबाहेर राहतात, आणि म्हणून पानांपासून होणारी भांग राज्यांच्या नियंत्रणात जाते. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे उत्तरेतील काही शहरांतली भांगेची सरकारमान्य दुकाने पाहून येथेही तशीच मोकळीक असेल, असे समजणे चुकीचे ठरते. भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी गावांत हिरडा गोळा करणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये, कारण कोवळेपणी वाळलेला बाळहिरडा आणि पूर्ण वाढलेला हिरडा एकाच झाडाचे असूनही त्यांचे नाव, दर आणि उपयोग वेगळे असतात. शेतात दिसणारी अंबाडी मात्र, पानांचे साम्य असले आणि शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हा शब्द असला, तरी पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे. तागाचाही गांजाशी काही संबंध नाही.

व्हेपच्या कुपीतील अर्क या वर्गीकरणात कोठे बसतो, याचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा कडक आहे. कायद्यातील चरसाच्या व्याख्येत ‘हशीश ऑइल’ किंवा द्रवरूप हशीश या नावाने ओळखली जाणारी संहत राळ स्पष्टपणे समाविष्ट आहे, त्यामुळे गांजाच्या राळेचे तेल कायद्याच्या भाषेत चरस ठरते. गांजाची ‘अल्प मात्रा’ १,००० ग्रॅमपर्यंत मानली जाते, चरसाची फक्त १०० ग्रॅमपर्यंत. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात दिलेल्या निर्णयानुसार मिश्रणाचे वजन करताना त्यात मिसळलेले निष्क्रिय द्रव्यही धरले जाते. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, तर परवानगीविना देशात माल आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय या कायद्यात आरोपीला वस्तूची जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते आणि ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो, त्यामुळे विक्रेत्याच्या पानावर ‘कायदेशीर’ असे लिहिले होते, एवढा बचाव अपुरा पडतो.

कुपी रिकामी असली तरी प्रश्न सुटत नाही. २०१९ च्या ई-सिगारेटबंदी कायद्याने, निकोटिन असो वा नसो, कोणताही पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ तयार करणाऱ्या विद्युत उपकरणाचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली असून ती सुट्या भागांनाही लागू आहे. साठवणीखेरीज इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेले उत्पादनच तेवढे यातून वगळलेले आहे. टोरोंटोला स्थायिक झालेल्या नातेवाइकाने येताना एखादी कुपी सोबत आणणे हाही मार्ग बंद आहे, कारण गांजाची उत्पादने देशाबाहेर नेण्यास कॅनडाचा कायदाही मनाई करतो. म्हणजे तिकडचा परवाना तिकडच्या सीमेवरच संपतो.

याचा अर्थ या वनस्पतीचे काहीच कायदेशीरपणे घरी येऊ शकत नाही असा नाही. औषध नियमांच्या ई(१) परिशिष्टात भांग ही वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाच्या विषारी द्रव्यांत गणली जाते, आणि आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना असलेल्या कंपन्या विजयायुक्त तेल, गोळ्या व चूर्णे तयार करतात. वैद्याने तपासून चिठ्ठी दिल्यावर ती मिळतात आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा व उत्पादकाचा परवाना क्रमांक असावा लागतो. दुसरी वस्तू म्हणजे बी. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना, बियांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून मान्यता देताना बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम ही टीएचसीची मर्यादा घातली, त्यामुळे या पदार्थांतून नशा होत नाही. या दोन्ही वस्तू पोटात घ्यायच्या आहेत, वाफ ओढण्याची परवानगी त्यांतून मिळत नाही.

पार्सलच्या या विषयाला अलीकडे फसवणुकीचीही एक बाजू जोडली गेली आहे. तुमच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असे फोनवर सांगून, गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर दाखवून आणि ‘डिजिटल अटके’ची भीती घालून पैसे उकळले जातात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. ज्याला सवय जडली आहे त्याच्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे, पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प मात्रेच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद खुद्द १९८५ च्या कायद्यातच आहे.

परवाना या शब्दाचा अर्थ अखेर उत्तरदायित्व असा आहे. विजयेच्या तेलाच्या बाटलीवरील क्रमांकामागे एक उत्पादक, एक वैद्य आणि राज्याचे एक कार्यालय उभे असते, आणि ओतूर किंवा घोडेगावचा रुग्ण बिघडलेल्या औषधाबद्दल तेथे जाब विचारू शकतो. परदेशी व्हेपवरील क्रमांकामागेही असेच एक कार्यालय असते, पण ते ऑन्टारियोतील ग्राहकाला बांधील असते. पार्सल ज्या दारात येते त्या दारातील माणसासाठी तो क्रमांक म्हणजे वेष्टनावरचे छापील आकडे एवढाच राहतो.