नोंद ठेवण्याची किंमत

निरीक्षण करायचे म्हटले की ज्याचे निरीक्षण करायचे त्यात थोडीफार ढवळाढवळ होतेच. वर्गात तपासनीस येऊन बसले की तास नेहमीसारखा होत नाही, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. समाजशास्त्राच्या पाहणीतही प्रश्नावली घेऊन गेलेल्या माणसासमोर लोक थोडे सावरून बोलतात. मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र हा काही माझा अभ्यासविषय नव्हे. परंतु याच प्रश्नाशी संगणकाच्या गाभ्यात काम करणाऱ्यांनाही झगडावे लागले. त्यांनी शोधलेले उत्तर मला इतके विचार करण्याजोगे वाटले की ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्याचा मोह आवरला नाही.

संगणकातील सर्व कामांची व्यवस्था पाहणाऱ्या प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात आणि तिच्या गाभ्याला कर्नल. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सचा कर्नल आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही चालतो. हा कर्नल हजारो लहानलहान कार्यांचा बनलेला असतो. त्यांना फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारते, दुसरे तिसऱ्याला, आणि हे सारे एका सेकंदात लक्षावधी वेळा घडते. कुठे बिघाड झाला किंवा काम रेंगाळले, तर कोणी कोणाला कधी हाक मारली याची नोंद हवी. या नोंदीलाच ट्रेसिंग, म्हणजे मागोवा घेणे, म्हणतात.

खरी अडचण येथूनच सुरू होते. पुष्कळ बिघाड खऱ्या कामाच्या धबडग्यातच दिसतात. बँकेचा किंवा रुग्णालयाचा चालू संगणक थांबवून त्यावर 'नोंद ठेवणारा' वेगळा कर्नल बसवता येत नाही. आणि बसवला तरी तोवर बिघाड गुप्त झालेला असतो. म्हणून नोंदीची सोय रोजच्या वापरातील कर्नलमध्येच हवी, आणि नोंद नको असेल तेव्हा तिचा भार मात्र पडता कामा नये.

नोंदीची एक युक्ती जुनी आहे. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला सांगून ठेवायचे, की प्रत्येक फंक्शनच्या आरंभी 'एमकाउंट' नावाच्या एका फंक्शनला हाक घाल. बर्कले येथील संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेले 'जीप्रॉफ' हे साधन याच तऱ्हेवर आधारलेले होते. पण लिनक्समध्ये असे आढळले की एमकाउंटने काहीही न करता नुसते परत फिरायचे ठरवले, तरी एका कसोटीत सुमारे १३ टक्के वेळ वाया जातो! पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाके असत, ते आठवा. ट्रक रिकामा असला तरी नाक्यावर थांबावे लागेच. "काही नाही ना? मग जा," एवढे ऐकण्यासाठीही रांग लागे. येथेही तोच प्रकार. नोंद घेण्याची किंमत वेगळीच. 'नोंद घ्यायची का?' हे विचारण्याचीही किंमत पडत होती.

यावर स्टीव्हन रोस्टेट यांनी विकसित केलेल्या 'एफट्रेस' या साधनाने असा तोडगा काढला की नाकाच उचलून न्यायचा. एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर एमकाउंटला मारलेली हाक पाच बाइट जागा घेते. संगणक सुरू होतानाच त्या प्रत्येक जागी पाच बाइटांची 'नॉप', म्हणजे 'काही करू नकोस' अशी सूचना लिहिली जाते. ती प्रोसेसर जवळजवळ फुकटात ओलांडून जातो. मागोवा हवा झाला की तेवढ्यापुरती नॉपच्या जागी पुन्हा हाक लिहायची. शिवाय हव्या त्याच फंक्शनांची निवड करता येते. बाकीच्या वाटा मोकळ्याच राहतात. प्रत्येक प्रोसेसरला नोंदीची वही स्वतंत्र दिलेली असते, त्यामुळे कोणाला कोणाची लेखणी रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण चालत्या कर्नलचा मजकूर बदलायचा म्हणजे धावत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच. एक प्रोसेसर पाच बाइट लिहीत असताना दुसरा नेमका तेथे पोचला तर त्याला अर्धी जुनी आणि अर्धी नवी सूचना मिळेल. प्रारंभी लेखन होईपर्यंत इतर सर्व प्रोसेसरांना मुलांच्या खेळातल्यासारखे 'स्टॅच्यू' केले जाई. पुढे अधिक चांगली रीत आली. आधी पहिल्या बाइटवर एकाच बाइटची थांबा-सूचना लावायची. तेथे येणाऱ्याला बाजूने पुढे काढून द्यायचे. तेवढ्यात उरलेले चार बाइट बदलायचे आणि शेवटी पहिला.

हा धोका काल्पनिक नव्हता. २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलची काही नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. संशय प्रथम कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. कारण निघाले एफट्रेस. त्या वेळी हाकांचे पत्ते संगणक चालू असताना टिपून ठेवले जात आणि लेखन मागाहून होई. मधल्या काळात काही मजकूर काम संपल्यामुळे काढून टाकलेला असे आणि तोच पत्ता कार्डाच्या स्मृतीला दिलेला असे. 'जुना मजकूर तोच असेल तरच लिही' अशी काळजी घेतली होती. पण ती साध्या स्मृतीपुरती पुरेशी होती, यंत्राच्या स्मृतीवर नव्हे. लगोलग २.६.२७.१ मध्ये ही सोय बंद करण्यात आली. २.६.२८ पासून पत्त्यांची यादी कर्नल तयार होतानाच बनू लागली आणि मजकूर काढून टाकताना त्याचे पत्तेही यादीतून जाऊ लागले.

आणखी एक बारकावा मला फार आवडला. नोंद घेणाऱ्या फंक्शनांची नोंद घ्यायची नाही, असे त्यांवर खूण करून ठेवावे लागते. नाहीतर नोंदीची नोंद, तिची पुन्हा नोंद, असे करता करता संगणक त्यातच अडकून पडेल.

आपण विद्यार्थी पाहण्या करतो, मुलाखती घेतो, तक्ते भरून घेतो. 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून प्रश्नावलीत दहा प्रश्न जादा घालतो आणि त्याचा भार उत्तर देणाऱ्यावर पडतो, हे सहसा हिशेबात धरत नाही. कर्नलच्या मंडळींनी न विचारलेल्या प्रश्नाचाही हिशेब मांडला, आणि जेथे पाहायचे नाही तेथून आपले अस्तित्वच काढून घेतले. प्रश्नावली हातात घेण्यापूर्वी एवढा हिशेब आपणही मांडावयास हरकत नसावी.