‘अधिक म्हातारी’, पण वयाने कमी

जर्मनमध्ये ‘आल्ट’ म्हणजे म्हातारा किंवा जुना. त्याचे तुलनादर्शक रूप ‘एल्टर’. मागे ‘आल्स’ (पेक्षा) आले की काम सरळ असते: ‘एल्टर आल्स इश’, माझ्यापेक्षा मोठा. गंमत सुरू होते ती ‘आल्स’ गळल्यावर. ‘आल्टे डामे’ म्हणजे म्हातारी बाई आणि ‘एल्टेरे डामे’ म्हणजे वयस्कर बाई. व्याकरणाने दुसरी अधिक म्हातारी असायला हवी. प्रत्यक्षात ती पहिलीपेक्षा तरुण! कारण इथे तुलना ‘म्हातारी’शी नसून तिच्या विरुद्ध टोकाशी, म्हणजे ‘तरुण’शी आहे. तरुण राहिलेली नाही, एवढेच सांगायचे असते. व्याकरणकार याला निरपेक्ष तुलनारूप म्हणतात.

हा नियम एकट्या ‘एल्टर’चा नाही. ‘लेंगेरे त्साइट’ हा ‘लांगे त्साइट’पेक्षा, म्हणजे दीर्घ काळापेक्षा, सहसा कमीच असतो. आजाऱ्याला ‘बेसर’ वाटते म्हणजे कालच्यापेक्षा बरे. तो ठणठणीत झाला असे समजून त्याला पाठवायचा डबा बंद करू नये.

नावापुढे मात्र ‘एल्टेरे’ खरी तुलना करतो. चित्रकार लुकास क्रानाख (१४७२–१५५३) हा ‘डेअर एल्टेरे’ आणि त्याच नावाचा त्याचा चित्रकार मुलगा ‘डेअर युंगेरे’. आपले थोरले-धाकटे तेच.

जर्मन शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: ज्येष्ठांविषयी लिहिताना ‘आल्टे मेन्शेन’ रोखठोक वाटते, ‘एल्टेरे मेन्शेन’ सभ्य. दुसरेच वापरा.