बारावीच्या समाकलनातलं रॉकेट

छेदात 'ए वर्ग वजा एक्स वर्ग' असलेलं समाकलन अमरावती-अकोल्यातल्या बारावी सायन्सच्या मुलांना तोंडपाठ असतं. छेदाचे दोन अवयव पाडायचे, आंशिक अपूर्णांक करायचे आणि लॉगमध्ये उत्तर लिहायचं. प्रकाशाच्या वेगाकडे झेपावणाऱ्या रॉकेटचं गणित नेमकं याच समाकलनाने सुटतं. ते आपल्या वर्गांत फळ्यावर सोडवून दाखवलं जावं, असं मला फार वाटतं.

रॉकेटचं साधं सूत्र त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळाशिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केलं. मागे फेकलेल्या वायूच्या वेगाला सुरुवातीच्या आणि उरलेल्या वस्तुमानाच्या गुणोत्तराच्या लॉगने गुणलं, की रॉकेटचा वेग मिळतो. पण वेग फार वाढले की त्यांची सरळ बेरीज चालत नाही आणि हे सूत्र तोकडं पडतं.

इथे युक्ती एवढीच, की आपण रॉकेटमध्ये जाऊन बसायचं. त्या क्षणापुरतं रॉकेट स्वतःच्या दृष्टीने स्थिर असतं, म्हणून न्यूटनचा नियम जसाच्या तसा लागतो. थोडं इंधन बाहेर पडतं, वेग थोडा वाढतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला मात्र तीच वाढ 'एक वजा v²/c²' पटीने लहान दिसते (v रॉकेटचा वेग, c प्रकाशाचा). म्हणून समीकरणात हा अवयव dv च्या खाली छेदात येतो आणि समोर उभं राहतं ते आपलं पाठ केलेलं समाकलन! डाव्या बाजूला c/2 गुणिले (c+v)/(c−v) चा लॉग, उजव्या बाजूला वायूचा वेग गुणिले वस्तुमानाच्या गुणोत्तराचा लॉग. स्वित्झर्लंडच्या आकेरेट यांनी हे सूत्र १९४६ साली मांडलं.

आता आकडे घालून पाहा. सगळ्या इंधनाचा प्रकाश करून तो मागे सोडणारं आदर्श रॉकेट घेतलं आणि वेग प्रकाशाच्या ८० टक्के हवा असेल, तर (१.८/०.२) म्हणजे ९, त्याचं वर्गमूळ ३. सुरुवातीचं वजन उरलेल्या वजनाच्या तिप्पट असलं की झालं. पण मुक्कामी थांबायचं तर ९ पट, आणि परत येऊन थांबायचं तर ८१ पट! आजच्या हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाचा वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटरने बाहेर पडतो. त्याच्या जोरावर प्रकाशाच्या फक्त १० टक्के वेग गाठायचा म्हटलं, तर लागणाऱ्या गुणोत्तरात एकावर सुमारे २,९०० शून्यं येतात.

प्रकाशावर चालणाऱ्या या रॉकेटशी मराठी माणसाचाही संबंध आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारसच्या विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे काम करताना प्रल्हाद वैद्य यांनी १९४३ साली प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं गुरुत्वक्षेत्र मांडलं. १९६९ मध्ये किनर्स्ली यांनी तेच पुढे नेलं, आणि फोटॉन रॉकेटचं गुरुत्वक्षेत्र हाती आलं.

वेळेचा हिशेब तर आणखी विलक्षण आहे. आधी जवळचं अंतर घेऊ. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात, एका पदरात मोजला तर ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. तेवढ्या ७५ किलोमीटरवर पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने निघालं, तर १२४ सेकंदांत अंतर संपतं आणि वेग सेकंदाला १.२ किलोमीटर होतो. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या उत्तरांत इथे फरक पडतो तो बाराव्या दशांशस्थळाच्या आसपास. हेच त्वरण यानातल्या घड्याळाने वर्षभर चालू ठेवलं, तर न्यूटनचा हिशेब प्रकाशाच्याही पुढे जातो. खरा वेग ७७ टक्के भरतो.

याच त्वरणाने अर्धी वाट वेग वाढवत आणि अर्धी कमी करत ४.३७ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीला पोहोचायला पृथ्वीवर ६ वर्षं जातात, यानात ३.६. सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर असलेलं आकाशगंगेचं केंद्र गाठायला यानातल्या माणसाला अवघी २० वर्षं पुरतात. म्हणजे अंतर आडवं येत नाही, आयुष्यही आडवं येत नाही. आडवं येतं ते वस्तुमान. त्या २० वर्षांसाठी प्रकाश सोडणाऱ्या आदर्श रॉकेटचंही गुणोत्तर निघतं सुमारे ७२ कोटी: एक टन यानामागे ७२ कोटी टन इंधन, आणि सगळ्या इंधनाचा प्रकाश व्हायचा तर त्यातलं निम्मं प्रतिद्रव्य, म्हणजे साध्या द्रव्याला भेटताच दोन्ही नष्ट होतात असं द्रव्य. प्रयोगशाळांत आजवर तयार झालेलं प्रतिद्रव्य ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावं लागतं.